तुमच्या घरातला आवाज

मनोहरराव,

तुमच्या तेराव्याला एकशे बारा पानं उठली आणि कोणी मोठ्याने बोललं नाही. मी वाढपावर होतो, म्हणून आकडा पक्का आहे. ज्या घरात पाच माणसं जमली तरी रस्त्यावरचा टांगेवाला मान वळवून बघायचा, त्या घरात एकशे बारा माणसं खाली मान घालून जेवली. बुंदी वाढताना मला तुमच्या वतीने संकोच वाटला.

लोक तुमच्याबद्दल आता चांगलंच बोलतात. गेलेल्या माणसाबद्दल बोलतातच. मी तसं लिहिणार नाही, कारण ते तुम्हीच खोडून काढलं असतं. तुम्ही हेकट होता. पत्ते खेळताना लबाडी करत होता, आणि पकडलं की "अपन तो ऐसेच हैं भिया" म्हणून हसत होता. आणि एकदा तुम्ही माझ्या बायकोला, मला न कळवता, पाच दिवस तुमच्या घरी ठेवून घेतलंत. या शेवटच्या गोष्टीवरचा आपला वाद मिटलेला नव्हता. दर दिवाळीला आपण तो थोडा थोडा पुढे नेत होतो. आता माझी बाजू तेवढी उरली आहे, ती मांडून टाकतो. तुमचीही मलाच मांडावी लागेल.

आपल्या बायका सख्ख्या बहिणी, एवढाच आपला संबंध. कमलताई थोरली, माझी सुमती धाकटी. साडू म्हणून आपण एकमेकांच्या गळ्यात पडलो. निवडायला सांगितलं असतं तर मी तुम्हाला निवडलं नसतं. तुम्ही मिलच्या विणकाम खात्यात. मागांच्या खडखडाटात तुमचे कान अर्धे गेलेले, त्यामुळे घरीसुद्धा तुम्ही सभेत बोलल्यासारखं बोलायचा, आणि तुम्हाला ऐकू जावं म्हणून कमलताईही. मी आकडेवारीच्या खात्यात. कोणत्या तहसिलीत किती ज्वारी, किती कापूस, याचे तक्ते करणारा. आमच्या खात्यात मोठ्याने फक्त पंखा बोलतो.

लग्नानंतर पहिल्यांदा तुमच्याकडे जेवायला आलो तो दिवस मला आठवतो. पहिलाच घास झाला आणि तुम्ही म्हणालात, "कमल, गिलक्याच्या भाजीत मीठ नाही."

"मीठ आहे. तुमच्या जिभेला चव नाही. मिलमध्ये ठेवून आलात."

"मिलमध्ये कान ठेवून आलो. जीभ हजर आहे."

"ती हजर आहे हे सगळ्या गल्लीला माहीत आहे."

मी ताटात मान घातली. सुमती मात्र पदराआड हसत होती. घरी परतताना मी तिला म्हटलं, असल्या घरात पोरांवर काय संस्कार होणार. ती म्हणाली, "हो." ती तेव्हा माझ्या प्रत्येक वाक्याला "हो" म्हणायची आणि मला ते योग्यच वाटायचं.

मी सुमतीवर कधी हात उगारला नाही. आवाजही कधी चढवला नाही. एवढ्यावर मी स्वतःला चांगला नवरा समजत होतो. काही मनाविरुद्ध झालं की मी फक्त बोलणं थांबवायचो. तिने एकदा मला न विचारता शेजाऱ्यांना शिडी दिली, तेव्हा मी सहा दिवस बोललो नाही. सहाव्या दिवशी तिने माफी मागितली आणि मी ती दिली. शिडी दुसऱ्याच दिवशी परत आली होती. हे मी आज लिहितो तेव्हा वाचणाऱ्याला वाटेल की हा माणूस स्वतःची थट्टा करतो आहे. नाही. तेव्हा मला यात काही गैर दिसत नव्हतं. गल्लीत दोन घरं सोडून एक जण बायकोला मारत असे, त्याच्याशी मी स्वतःची तुलना करायचो, आणि त्या तक्त्यात माझा आकडा उत्तम यायचा.

मग नवं राज्य झालं आणि राजधानी भोपाळला गेली. आमचं खातंही पेट्यांत भरून तिकडे गेलं. राहायला क्वार्टर नाहीत, म्हणून बहुतेकांनी बिऱ्हाडं इंदूरलाच ठेवली. मीही ठेवलं. चार बाबू एका खोलीत, आणि दर पंधरा दिवसांनी शनिवारी अर्धा दिवस भरून बसने घरी. दिवेलागणीला पोचायचं, रविवारी दुपारी दोनच्या बसने परत.

तेव्हा मी ती वही सुरू केली. दोनशे पानी, कडेला समास आखलेली. सुमतीने रोज लिहायचं: तारीख, कुठे गेली, किती वाजता, परत किती वाजता, घरी कोण आलं, मुलांचा अभ्यास झाला की नाही. मी आलो की वही तपासायचो, लाल पेन्सिलीने खूण करायचो आणि जाताना ती सोबत न्यायचो. मागे दुसरी वही असायची. अशा दोन वह्या फिरत होत्या.

यात माझी एक बाजू आहे, मनोहरराव. ती मी तुम्हाला कधी सांगितली नाही, कारण तुम्ही हसला असता. भोपाळच्या त्या खोलीत बाकीचे तिघे संध्याकाळी फिरायला जायचे आणि मी वही उघडायचो. "दूध ७.१०" वाचलं की मला आमचं पितळी पातेलं दिसायचं, त्यावरचा पोचा दिसायचा. "उषाला ताप, उतरला" वाचलं की पोरीचं कपाळ हाताला लागायचं. मी पानं पुन्हा पुन्हा वाचायचो. ज्या माणसाचं सगळं आपल्याला माहीत, ते माणूस आपल्या जवळ, अशी माझी समजूत होती. मला ती जवळ हवी होती. एवढं खरं आहे, आणि ते पुरेसं नाही हेही खरं आहे.

दीड वर्ष असं गेलं. मग एका पंधरवड्याच्या पानांत मला "चक्की" हा शब्द फार वेळा दिसला. मोजला: अकरा. प्रत्येक वेळी सव्वा तास, कधी दीड. मी बसमध्येच हिशोब मांडला. एकदा दळलेलं पीठ घरात सहा दिवस जातं. पंधरा दिवसांत तीन फेऱ्या पुष्कळ झाल्या. म्हणजे आठ फेऱ्या जास्तीच्या. घरी पोचलो, हातपाय धुतले आणि तिला समोर बसवून विचारलं, "आठ वेळा तू कुठे होतीस?"

मी आवाज न चढवता तीन वेळा विचारलं.

"कृष्णपुऱ्याला," ती म्हणाली. "समाध्यांच्या छत्र्यांपाशी, नदीकाठच्या पायऱ्यांवर. ताईबरोबर."

"काय करायला?"

"काही नाही. बसायला."

"आठ वेळा?"

"हो."

माझा विश्वास बसला, कारण ती खोटं बोलण्याइतकी सराईत नव्हती. नाहीतर तिने अकरा वेळा चक्की लिहिली नसती. मला राग आला नाही. उलट मी उदार झालो. म्हटलं, त्यात लपवण्यासारखं काय होतं, तसं लिहायचं. आणि वही घेऊन, पट्टी लावून, एक नवा रकाना आखला. त्यावर सुबक अक्षरात लिहिलं: "बसणे". मला वाटलं, प्रश्न सुटला. रविवारी दोनच्या बसला समाधानाने बसलो.

मंगळवारी ती दोन्ही मुलांना घेऊन तुमच्याकडे आली.

मला हे कळलं ते पुढच्या शनिवारी. मुद्दाम आलो नव्हतो. खात्याचं एक काम निघालं म्हणून आठवडा आधी आलो. दाराला कुलूप. शेजारच्या बाई म्हणाल्या, "वो तो अपनी बहन के वहाँ गई हैं, मंगल से." मी बॅग हातात घेऊन तसाच तुमच्या दारात आलो. तुम्ही बंडीवर, दाराच्या चौकटीत, हात दोन्हीकडे टेकवून उभे. तुम्ही आत यायला वाट दिली नाहीत, हे माझ्या लक्षात आहे.

"सुमती इथे आहे?"

"आहे."

"मला कळवलं नाही."

"नाही कळवलं."

"का?"

"कळवलं असतं तर तुम्ही पत्र पाठवलं असतं. तुमची पत्रं मी पाहिली आहेत साडूबुवा. कलम एक, कलम दोन. ती ते वाचून गपचूप घरी गेली असती."

"मग जायलाच हवं होतं. बोलवा तिला."

"झोपली आहे."

"संध्याकाळी सातला?"

"हौ. बारा वर्षांची झोप बाकी आहे तिची."

मी म्हटलं, हा माझ्या घरचा प्रश्न आहे. तुम्ही म्हणालात, सध्या तो माझ्या घरात झोपला आहे. आतून आमच्या शरदच्या हसण्याचा आवाज येत होता, कशावर तरी खदखदून. माझा आवाज त्याच्या कानावर गेला आणि ते हसणं मधेच थांबलं. ते थांबलं हे मी तेव्हा टिपलं. समजायला वेळ लागला.

आता वादाचा मुद्दा. तुम्ही मला एक ओळ लिहायला हवी होती. मंगळवार ते शनिवार मी भोपाळमध्ये ज्वारीचे तक्ते करत बसलो होतो आणि माझी बायको-मुलं कुठे आहेत हे मला माहीत नव्हतं. कोणत्याही माणसाला एवढं कळण्याचा हक्क आहे. तुमचं म्हणणं, जिला आसरा दिला तिची परवानगी आधी, बाकीच्यांचा हक्क मग. आणि ती म्हणाली होती, कळवू नका. दर दिवाळीला तुम्ही हेच म्हणायचा आणि मी हेच म्हणायचो. मी अजूनही माझं म्हणणं सोडलेलं नाही. पण तिने तुम्हाला "कळवू नका" असं सांगितलं, हे वाक्य मी दर वेळी घाईने ओलांडायचो. तिने कोणाला तरी काहीतरी नको म्हणून सांगितलं होतं. ते तिला मला सांगता आलं नव्हतं.

त्याच महिन्यात, अधिक महिना असल्यामुळे, सासूबाईंनी आपल्या दोघांना उज्जैनला धोंड्याचं जेवण केलं. जावयाला पुरणाचे धोंडे, तेहतीस अनारशांचं वाण, वर दिवा. सासूबाईंना काही माहीत नव्हतं. मी भोपाळहून परस्पर गाडीने आलो आणि सुमती तुमच्याबरोबर इंदूरहून. बैठकीत पाट मांडलेले. अधिक महिन्यात लेक-जावई म्हणजे लक्ष्मी-नारायण, म्हणून जोड्याने बसवून ओवाळायची त्यांची पद्धत. मी आणि सुमती शेजारी शेजारी बसलो. सासूबाई ओवाळत होत्या आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणत होत्या, "माझ्या सुमीचं नशीब चांगलं. शांत माणूस मिळाला." सुमती समोरच्या रांगोळीकडे बघत होती. मला आयुष्यात पहिल्यांदा माझ्या शांतपणाची भीती वाटली.

तेव्हा तुम्ही ओरडलात, "सासूबाई, इथे गडबड आहे. माझ्या वाणात बत्तीसच आहेत. साडूबुवा, मोजा बरं."

सगळे हसले. मी मोजले. तेहतीस होते. तसं मी सांगितल्यावर सगळे आणखी हसले, आणि सुमतीही हसली. तुम्ही ते तिची नजर रांगोळीवरून उचलण्यासाठी केलंत, हे मला बरंच नंतर सुचलं. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, छे, मला खरंच बत्तीस वाटले.

जेवणानंतर ओसरीवर तुम्ही मला पान दिलंत आणि जमेल तितक्या हळू, म्हणजे रस्त्यापर्यंतच ऐकू जाईल असं, बोलायला लागलात. "तुम्ही नसता तेव्हा मी तुमच्या घरी जातो. चांगलं घर आहे. पोरं भांडतात, सुमती गाणं म्हणते. शनिवारी दुपारपासून ते बदलायला लागतं. चादरींच्या सुरकुत्या काढतात. सहा वाजले की शरद उंबऱ्यावर पुस्तक उघडून बसतो. वाचत नाही, नुसतं उघडतो."

"बापाचा मान ठेवतो," मी म्हटलं.

"मान असता तर तुम्ही गेल्यावरही राहिला असता. तुमची बस हलली की तो पाटीवर तुमचं चित्र काढतो. मोठा चष्मा, हातात वही."

"आणि सुमती?"

"हसते. मग स्वतःच पुसते. लवकर लवकर."

तुम्ही थांबला नाहीत. थांबणं तुम्हाला माहीतच नव्हतं. म्हणालात, "मी चांगला नवरा आहे असं माझं म्हणणं नाही. कमलला विचारा, यादी देईल. पण ती यादी माझ्या तोंडावर देते. तुम्ही आकड्यांचे माणूस ना? मग मोजा. आज गाडीपर्यंत सुमती आपणहून, न विचारता, तुमच्याशी किती वेळा बोलते आणि बाकीच्यांशी किती वेळा. मोजा आणि मला सांगू नका."

मी मोजलं. तुम्ही सांगू नका म्हणाला होता म्हणून कधी सांगितलं नाही, आज सांगतो. साडेबारापासून साडेचारपर्यंत ती माझ्याशी दोन वेळा बोलली. "पाट सरकवा," आणि "तुमचा रुमाल पडला." बाकीच्यांशी, म्हणजे आई, ताई, तुम्ही, मुलं, समोरच्या घरची एक म्हातारी, आणि एक मांजर धरून, मी नव्वदपर्यंत मोजलं आणि सोडून दिलं. ती बडबडी होती, मनोहरराव. माझी बायको बडबडी आहे हे मला लग्नानंतर बारा वर्षांनी उज्जैनच्या ओसरीवर कळलं. आकडे चुकीचे नव्हते. आकड्यांशी वाद घालायची मला सवय नाही.

निघताना सासूबाईंनी सुमतीला विचारलं, "मग आता घर कधी लावणार गं? ताईकडे किती दिवस?" म्हणजे त्यांना कुठून तरी कळलं होतंच. सुमतीने माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाली, "अजून ठरवलं नाही." आणि मी, सगळ्यांच्या देखत, म्हटलं, "ठरव." भोपाळच्या गाडीत बसलो आणि हात रिकामे होते. वही नव्हती.

पुढच्या आठवड्यात तिचं कार्ड आलं. तीन ओळी. "काल घरी आले. दोन्ही वह्या बंबात घातल्या, पाणी छान तापलं. शरदचा दात हलतो आहे." दुसरी वही भोपाळला माझ्या ट्रंकेत होती, तिने जाळली ती कोणती कोण जाणे, बहुतेक शरदची शुद्धलेखनाची. मी मोठं उत्तर लिहिलं, कलमं घालून. ते फाडलं. दुसरं लिहिलं, तेही फाडलं. चौथ्या दिवशी लिहिलं, "दाताचं काय झालं?" आणि ट्रंकेतली वही खोलीतल्या स्टोव्हजवळ नेली. ती मला जाळवली नाही. तिच्या मागच्या कोऱ्या पानांवर मी पुढे दोन वर्षं कच्चे तक्ते केले. माझ्याने एवढंच झालं.

मी एका दिवसात बदललो असं कोणाला वाटू नये. एकदा मुकेपणा पुन्हा सुरू झाला, पडद्याच्या कापडावरून. दुसऱ्या दिवशी सकाळी सुमती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "बोला. रागवा हवं तर. पण बोला. नाहीतर मी ताईकडे जाते." मी बोललो. पडद्याचा रंग मला आवडला नव्हता, आणि तसं मी म्हटलं. ती म्हणाली, मला आवडतो. पडदा अजून आहे. माझ्या मते तो अजून वाईट दिसतो.

शांततेबद्दलही तुमचं सगळं मला पटलं नाही, हेही इथे नोंदवून ठेवतो. तुम्ही म्हणायचा, गप्प घर म्हणजे आजारी घर. तसं नसतं. माझे आईवडील संध्याकाळी तासभर एकाच सतरंजीवर न बोलता बसायचे आणि त्यात काही दुखणं नव्हतं. आई मधेच काही बोलली तर वडील ऐकायचे आणि पुन्हा दोघे गप्प. जी शांतता कोणालाही मोडता येते, तिला भ्यायचं कारण नाही. आमच्या घरची शांतता फक्त मला मोडता येत होती. फरक तेवढा आहे आणि पुष्कळ आहे. हे मी नीट मांडून तुम्हाला सांगणार होतो. तुम्ही म्हणाला असता, "वा, साडूबुवांनी रकाने पाडले." म्हणा.

तुमच्या आजारात मी चार वेळा येऊन गेलो. शेवटच्या वेळी कमलताई औषध आणायला गेल्या होत्या आणि आपण दोघेच होतो. तेव्हा बोलायचं होतं. त्याऐवजी मी तुम्हाला भोपाळहून येणाऱ्या शनिवारच्या बसची नवी वेळ सांगितली आणि ती जुन्या वेळेपेक्षा किती सोयीची आहे ते समजावलं. तुम्ही ऐकून घेतलंत. मग, तुमच्या हिशेबाने अगदी हळू, म्हणालात, "साडूबुवा, कमलची काळजी वाटते. खायला मिळेल. पोरगा आहे बडोद्याला. पण भांडायला कोणी उरणार नाही तिला. सुमतीला सांगा, येत जा." मी "हो" म्हटलं. धन्यवाद म्हटलं नाही. तुम्ही चौकटीत हात टेकवून उभे राहिला नसता तर सुमती त्या दिवशी माझ्याबरोबर परत आली असती, रकान्यात "बसणे" लिहीत राहिली असती, आणि मी मरेपर्यंत स्वतःला चांगला नवरा समजत राहिलो असतो. हे मी त्या खाटेजवळ म्हणायला हवं होतं. आता म्हणतो. कळवायला मात्र हवं होतं, तेही पुन्हा म्हणतो.

आता नवी गोष्ट. तुम्ही गेलात त्याच आठवड्यात मला भोपाळच्या नव्या वसाहतीत क्वार्टर मिळाल्याचं पत्र आलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, नळ घरात. पाच वर्षं मी या पत्राची वाट पाहिली. तेरावा झाल्यावर सुमतीला दाखवलं. तिने वाचलं आणि घडी घालून परत दिलं.

"मी नाही येणार."

"म्हणजे?"

"ताईला टाकून नाही येणार. वर्षभर तरी नाही."

"त्यांनाही घेऊन जाऊ."

"ती येणार नाही. विचारलं मी. म्हणाली, या घरात मी तीस वर्षं ओरडले, आता दुसऱ्यांच्या घरी जाऊन कुजबुजू का?"

मी सांगितलं की क्वार्टर नाकारलं तर नाव पुन्हा यादीच्या शेवटी जातं. मुलांच्या शाळांचं सांगितलं. पाच वर्षांत बसमध्ये माझे किती तास गेले ते सांगितलं. तो आकडा माझ्याकडे तयार होता. ती म्हणाली, "तुमचे तास गेले, मान्य. माझी वर्षं गेली ती धरली का?" मी म्हटलं, हे मधे आणायचं कारण नाही. ती म्हणाली, कारण आहे. शरद आणि उषा दारात उभे राहून ऐकत होते. शरद आता चौदा वर्षांचा आहे. तो हातात पुस्तक न घेता उभा होता.

मला वाटतं माझं बरोबर आहे. घर एका ठिकाणी हवं. तिलाही वाटतं तिचं बरोबर आहे, आणि तिच्या बाजूला कमलताई आहेत आणि तुम्ही आहात. आम्ही गेल्या तीन फेऱ्यांत यावरच बोलतो आहोत. तोडगा निघालेला नाही. कदाचित मी आणखी एक वर्ष बसने येईन-जाईन. कदाचित ती सहा महिन्यांनी येईल. काय होईल ते मला आज सांगता येत नाही, आणि न सांगता येणारी गोष्ट मी सहसा लिहीत नाही.

काल रविवारी पावणेदोनला मी जेवून उठलो, बॅग घेतली आणि म्हटलं, "येतो. बाकीचं पुढच्या वेळी बोलू."

सुमती हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. "माझं बोलून झालेलं नाही," ती म्हणाली.

"बस दोनची आहे."

"माहीत आहे मला. बसा."

मी बॅग खाली ठेवली आणि बसलो. ती समोर बसली, आणि आपलं म्हणणं पहिल्यापासून सांगू लागली. मधे मी दोनदा अडवलं, तिने मला चारदा अडवलं. आमचे आवाज गल्लीत गेले असणार, कारण शेजारच्या बाई पाणी भरायचं निमित्त करून दोनदा डोकावून गेल्या. पाच वर्षांत मी एकदाही बस चुकवली नव्हती. काल दोनची बस माझ्याशिवाय गेली.